अंगणातील दिवा आणि रात्रीचे आकाश

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सादर केलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी ‘पर्यावरण आणि आपण’ या विषयावर बोलावे, असे निमंत्रण विश्वस्त मंडळाने मला दिले. विषय फार मोठा आहे. पंचगंगेचे पाणी, रंकाळा तलाव, शहरातील कचरा यांवर अधिकारवाणीने बोलणारी माणसे या नगरीत पुष्कळ आहेत. मी भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक. म्हणून विश्वस्तांची अनुमती घेऊन मी हा विषय आकुंचित करून घेतला आहे. आपल्या घराच्या दाराबाहेर, फाटकाच्या खांबावर, गच्चीच्या कठड्यावर जो दिवा रात्रभर जळतो, त्या एका दिव्याविषयी मी बोलणार आहे.

प्रकाशप्रदूषण हा शब्द आपल्या कानाला अद्याप सरावाचा नाही. प्रकाश आपल्याकडे सदैव मंगल मानला गेला. ज्ञानाला आपण प्रकाश म्हणतो आणि भगवान महावीरांच्या निर्वाणाची रात्र दीपमाळा लावून साजरी करतो. अशा प्रकाशाला प्रदूषण म्हणताना जीभ अडखळते, हे मला मान्य आहे. परंतु पंचगंगेचे पाणीही पवित्रच आहे, आणि तेच पाणी २०१९ व २०२१ साली घरात शिरले तेव्हा आपण त्यास तीर्थ म्हटले नाही. आपली जागा सोडून पसरलेल्या पाण्याला पूर म्हणतात. आपली जागा सोडून पसरलेल्या उजेडाला आपल्या भाषेने अजून सुटसुटीत नाव दिलेले नाही, इतकेच.

प्रकाशाला दिशा असते, हे या शहराला शिकविण्याची आवश्यकता नाही. श्री अंबाबाईच्या मंदिरात नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभी किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात आणि पायरी-पायरीने देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. किरणे कमरेपर्यंत आली की मुखापर्यंत, याची नोंद होते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिची बातमी येते, वाटेतील बांधकामांच्या अडथळ्यांवर चर्चा झडतात. किरण कोठून निघाला, कोठे अडला आणि कोठे पोहोचला याचा इतका सूक्ष्म विचार करणारे शहर माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाही. तोच विचार आपल्या फाटकावरील दिव्याच्या बाबतीत आपण करीत नाही.

नव्या वसाहतींमधून सायंकाळी एक फेरी मारून पाहावी. फाटकाच्या दोन्ही खांबांवर दुधी काचेचे अथवा प्लॅस्टिकचे गोल दिवे असतात. गोल दिवा चारी दिशांना सारखाच उजेड देतो. म्हणजे त्याचा जवळजवळ निम्मा उजेड क्षितिजाच्या वर, आकाशाकडे जातो. तेथे आपले कोणी येत-जात नाही. गच्चीच्या कोपऱ्यावर बसविलेला झोत बहुधा समोर तोंड करून आडवा लावलेला असतो. त्याने आपले अंगण थोडे उजळते आणि शेजाऱ्याचे शयनगृह पुष्कळ उजळते. अलीकडे घराच्या दर्शनी भिंतीवर खालून वर उजेड सोडण्याची पद्धत आली आहे. त्यात भिंत थोडा उजेड अडविते आणि उरलेला छपरावरून पुढे निघून जातो. हा वर गेलेला उजेड हवेतील धूळ, बाष्प आणि प्रत्यक्ष हवेचे रेणू यांवर आपटून विखुरतो व त्यातील काही भाग परत खाली येतो. रात्री पन्हाळ्यावरून अथवा जोतिबाच्या डोंगरावरून कोल्हापूरकडे पाहिले असता शहरावर जो फिकट घुमट दिसतो, तो या परत आलेल्या उजेडाचाच असतो. तारे विझलेले नाहीत. त्यांच्या आणि आपल्या मध्ये हा घुमट उभा आहे.

आपल्यापैकी ज्येष्ठांना भारनियमनाची वर्षे आठवत असतील. त्या काळी अख्खा पेठेचा भाग अंधारात बुडाला की गच्चीवर आलेली मुले आकाशाकडे बोट दाखवीत. भारनियमन गेले हे उत्तमच झाले; त्या गैरसोयीची आठवण काढून हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. पण तेव्हा जे तारे दिसले, ते त्याच गच्चीवरून दिसले होते, एवढे ध्यानात ठेवावे.

गेल्या काही वर्षांत एक मोठा पालट झाला तो एलईडी दिव्यांमुळे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या देशात उजाला योजना सुरू झाली आणि नऊ वॉटचा दिवा घरोघरी पोहोचला. पूर्वीच्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड तो नऊ वॉटमध्ये देतो. यात फार मोठी बचत आहे आणि मी या दिव्याच्या विरोधात नाही. मात्र झाले असे की, उजेड स्वस्त होताच आपण तो अधिक वापरू लागलो. पूर्वी दारात एक बल्ब असे आणि तो झोपण्यापूर्वी आठवणीने मालविला जाई, कारण वडीलधारे रागावत. आता फाटकावर दोन, जिन्यावर एक, कुंपणाच्या भिंतीवर चार आणि गच्चीवर एक झोत असतो, आणि ‘त्याला वीज लागतेच किती’ असे म्हणून ते सारे सकाळपर्यंत चालू राहतात. हिशेबच करायचा तर पन्नास वॉटचा एक झोत रोज अकरा तास जळला, तर वर्षाला सुमारे दोनशे युनिट वीज खातो.

दुसरी गोष्ट रंगाची. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. आपल्या दुकानांतून सर्वाधिक खपणारा दिवा ६५०० केल्विनचा, म्हणजे निळसर पांढरा असतो. पिवळसर उबदार दिवा २७०० किंवा ३००० केल्विनचा. दिवसा आकाश निळे दिसते ते निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो म्हणून. त्याच नियमाने रात्री निळसर दिव्याचा उजेड आकाशाला अधिक उजळवितो. शिवाय झोप आणणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक शरीरात रात्री स्रवते आणि निळसर उजेडाने त्यात विशेष अडथळा येतो. तो विषय वैद्यांचा असल्याने मी तेथे अधिक थांबत नाही.

हा प्रश्न केवढा आहे? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या आकाशाच्या जागतिक नकाशानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रकाशाने मलिन झालेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक मानवजातीला आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आणखी एक अभ्यास आला. सामान्य नागरिकांनी २०११ ते २०२२ या काळात नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून अधिक नोंदी त्यात एकत्र केल्या होत्या. बहुतेक युरोप व उत्तर अमेरिकेतील. त्यावरून आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी अधिक उजळत असल्याचे दिसले. त्या अभ्यासकांनी एक उदाहरण दिले आहे. ज्या ठिकाणी आज २५० तारे दिसतात, तेथे आज जन्मलेले बालक अठरा वर्षांचे होईल तेव्हा त्यास १०० तारे दिसतील.

यावर आपण सहज म्हणतो की, हे काम महापालिकेचे आहे, रस्त्यावरचे दिवे तिचे आहेत. येथे मला अमेरिकेतील टूसॉन या शहराचा दाखला द्यावासा वाटतो. २०१९ मध्ये त्या शहराने दहा रात्री आपले हजारो पथदिवे मध्यरात्रीनंतर ठरवून कमी-अधिक तेजाचे केले आणि त्याच वेळी उपग्रहातून शहराचा उजेड मोजला गेला. अवकाशातून दिसणाऱ्या एकूण उजेडात पथदिव्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी निघाला. उरलेला सारा उजेड दुकाने, जाहिरात फलक, वाहनतळ, क्रीडांगणे आणि घरे यांचा होता. टूसॉनचे प्रमाण कोल्हापूरला जसेच्या तसे लावता येणार नाही. पण पथदिव्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

आता थोडे आपल्या गावाविषयी. अगदी निर्जन जागी, चंद्र नसतानाही रात्रीचे आकाश पूर्ण काळे नसते. दिवसा सूर्यप्रकाशाने उद्दीपित झालेले वातावरणातील अणुरेणू रात्री अतिशय मंद प्रकाश देत राहतात. त्यातील ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश सुमारे शंभर किलोमीटर उंचीवरून येतो आणि तांबडा सुमारे अडीचशे किलोमीटरवरून. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या सहकार्याने भारतीय भूचुंबकत्व संस्थेने याच मंद प्रकाशाच्या नोंदी आपल्या शहरातून वर्षानुवर्षे घेतल्या आणि त्यांवरील शोधनिबंधांत कोल्हापूरचे नाव अक्षांश-रेखांशासह जगभर गेले. ही निरीक्षणे निरभ्र आणि चंद्रविरहित रात्रीच घ्यावी लागतात, कारण चंद्राचा उजेडही त्या यंत्रांना सोसत नाही. विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्मही याच नगरीतला, १९ जुलै १९३८ रोजीचा. त्यांनी पुण्यात उभारलेल्या आयुका संस्थेने आपली मोठी दुर्बीण पुण्यात ठेवली नाही. जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर, शहराच्या उजेडापासून दूर, २००६ साली ती वेधशाळा सुरू झाली. तारे पाहणाऱ्यांना आपल्याच गावापासून पळून जावे लागते, ही गोष्ट मला खटकते.

तथापि तारे हा पाहणाऱ्याच्या आनंदाचा भाग झाला. ज्या श्रोत्यांपुढे मी उभा आहे, त्यांच्यासाठी यापेक्षा निकटचा प्रश्न जीवांचा आहे.

वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर सकाळी पोर्चमधील दिव्याखाली काय दिसते ते आपल्या घरातील भगिनींना अधिक चांगले ठाऊक आहे. वाळवीच्या पंखांचा ढीग पडलेला असतो आणि केरसुणीने तो लोटावा लागतो. पंख फुटलेली वाळवी वर्षातून एकदाच, वारूळ सोडून नवे घर वसविण्यासाठी बाहेर पडते. तिचा तो प्रवास आपल्या दिव्याखाली संपतो. चातुर्मासात पतंग, भुंगेरे, चिलटे यांची जी गर्दी होते तिचे वर्णन करण्याचे कारण नाही. दिव्यामागे पाली सुखाने नांदतात, यावरूनच तेथे रोज किती भक्ष्य जमते हे कळावे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे शिरोळ-हातकणंगले भागात शेती करतात. उसाला हुमणी लागली की काय होते ते त्यांना सांगावयास नको. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून बाभूळ-कडुलिंबावर जमतात आणि त्यांना पकडण्यासाठी प्रकाश सापळा लावतात. वर एक दिवा आणि खाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे घमेले, एवढीच त्याची रचना. शेतकऱ्याची ही हिंसा उद्योगी हिंसा आहे. पीक वाचविण्यासाठी, नाइलाजाने, वर्षातील काही दिवस आणि रात्रीचे थोडे तास केलेली. आता आपल्या बंगल्याच्या भिंतीवरील झोत पाहा. घमेले वगळले तर त्याची रचना तीच आहे. तो बाराही महिने, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत चालतो आणि त्याने कोणतेही पीक वाचत नाही.

कीटक दिव्यावर का येतात, याचे उत्तर मनुष्यजात हजारो वर्षे देत आली आहे. आपल्याकडे इंद्रियलोलुपतेचे दृष्टांत देताना स्पर्शासाठी हत्ती, रसासाठी मासा, गंधासाठी भ्रमर, शब्दासाठी हरीण आणि रूपासाठी पतंग अशी मालिका सांगतात. रूपाच्या मोहाने पतंग ज्योतीवर झेप घेतो आणि जळतो, असे प्रवचनांतून आपण ऐकत आलो. २०२४ मध्ये लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि फ्लोरिडा येथील विद्यापीठ यांच्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती उडणाऱ्या कीटकांचे चित्रण करून या प्रश्नाचे नवे उत्तर दिले. कोट्यवधी वर्षे रात्रीच्या वेळीही वरचे आकाश हे खालच्या जमिनीपेक्षा उजळ असे. त्यामुळे उडणारा कीटक आपली पाठ नेहमी उजेडाकडे ठेवतो आणि त्यावरून वर कोठे, खाली कोठे हे ओळखतो. शेजारी दिवा असला की तो त्या दिव्याकडेच पाठ करतो, कलतो, वळतो आणि पुन्हा कलतो. अशा रीतीने तो दिव्याभोवती फेऱ्यांत अडकतो. दिवा खाली असला तर तो उलटा होऊन कोसळतो. म्हणजे पतंगाला मोह झालेला नसतो. त्याचे आकाश हरवलेले असते. दृष्टांत म्हणून ती मालिका चालत राहील, त्यास माझा आक्षेप नाही. पतंगाला दोष देणे मात्र आपण थांबवावे.

पतंग हा चतुरिंद्रिय जीव, अर्थात त्रस जीव आहे. त्रस जीवांच्या संकल्पी हिंसेपासून गृहस्थाने दूर राहावे, हा आपला प्राथमिक नियम. पोर्चमध्ये दिवा लावणारा कोणी मारण्याच्या संकल्पाने लावीत नाही, हे खरे. परंतु आपल्या आचार्यांनी गृहस्थाची सूट इतकी सैल ठेवलेली नाही. अणुव्रतांच्या पाठोपाठ त्यांनी अनर्थदंडविरती सांगितली. ज्यातून कोणतेही प्रयोजन साधत नाही अशी हिंसा, तिला अनर्थदंड म्हणतात. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याच्या प्रकारांमध्ये प्रमादचर्या सांगताना भूमी, जल, अग्नी आणि वायू यांचा निष्फळ आरंभ तीत धरला आहे. निष्फळ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकाचा अग्नी त्यात येत नाही, जिन्यावरचा दिवाही येत नाही. आकाशाकडे जाणारा, रिकाम्या अंगणात पहाटे तीन वाजता जळणारा दिवा कोठे बसतो, हे आपण ठरवावे. विजेचा दिवा सचित्त की अचित्त, या वादात मी मुद्दाम शिरत नाही. त्याचा निर्णय काहीही होवो, दिव्याभोवती कोसळणाऱ्या पतंगाच्या सचित्त असण्याविषयी कोणाचाच वाद नाही.

आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात रात्रिभोजनाचा विचार करताना एक अत्यंत व्यावहारिक शंका घेतली आहे. रात्री दिवा लावून जेवले तर दोष टळेल काय? त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. दिवा लावला तरी अन्नावर येणाऱ्या सूक्ष्म जीवांची हिंसा टळत नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्या तेलाच्या पणतीविषयी त्यांना हे म्हणावेसे वाटले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून, नंतर रात्रभर भिंतीवर झोत लावून ठेवणाऱ्या आपल्या घरांविषयी ते काय म्हणाले असते, याची मी कल्पना करीत बसत नाही.

कोल्हापूरकरांच्या बाबतीत हा विषय शहरापुरता राहिलेला नाही. आपल्यापैकी अनेकांनी पन्हाळा, आंबा, गगनबावडा, राधानगरी या बाजूंना फार्महाऊस बांधली आहेत. मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाचा जोर धरेपर्यंत राधानगरीच्या रानात काजव्यांनी झाडे लगडतात आणि ती पाहण्यास दूरदूरहून माणसे येतात. काजव्याचे लुकलुकणे ही नर-मादीची भाषा असते. नर उडत उडत खूण करतो, मादी झुडपातून तिला उत्तर देते. जवळच झोत चालू असेल तर ही खूण दिसतच नाही आणि भेट घडत नाही. पुढल्या वर्षी त्या झाडावर काजवे कमी होतात. काजव्यांवरील संकटांचा जो जागतिक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अधिवासाचा नाश आणि कीटकनाशके यांच्या जोडीला कृत्रिम प्रकाशाचा उल्लेख प्रमुख कारणांत आहे. रानात घर बांधावे ते रानाच्या ओढीने, आणि मग रान दिसेनासे होईल इतका उजेड त्याभोवती करावा, यातील विसंगती आपणच पाहावी. आठवड्यातून एक दिवस जाण्याच्या घराचे दिवे सातही रात्री जळत ठेवण्याचे कारण विचारले की उत्तर एकच मिळते: चोरी.

या उत्तराची थट्टा करणे योग्य नव्हे. भीती खरी असते, विशेषतः घरात वृद्ध एकटे असतील तेव्हा. इंग्लंड व वेल्समधील ६२ स्थानिक प्रशासनांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पथदिवे मंद केल्याने किंवा काही तास बंद ठेवल्याने गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. उलट न्यूयॉर्कमधील सार्वजनिक गृहवसाहतींत नवे प्रखर दिवे बसविल्यावर रात्रीचे गुन्हे कमी झाल्याचे दुसऱ्या अभ्यासात आढळले. दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे सांगावयास हव्यात. माझे मत असे की, जेथे माणसांची ये-जा आहे आणि उजेड मुळीच नाही, तेथे तो उपयोगी पडतो. आपल्या अंगणातील आडव्या झोताची गोष्ट निराळी आहे. त्याच्याकडे पाहणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना झोताच्या मागील सावलीतील माणूस दिसत नाही. अंधाराला पुन्हा सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. राखणदार झोपलेला असेल तर तो झोत चोराला कुलूप दाखविण्याचेच काम करतो. हालचाल होताच पेटणारा आणि काही मिनिटांनी मालवणारा सेन्सरचा दिवा आता सर्वत्र मिळतो. अकस्मात पेटलेल्या दिव्याकडे शेजाऱ्याचे लक्ष जाते. नेहमी जळणाऱ्या दिव्याकडे कोणीच पाहत नाही.

आपल्या राज्यात हे काम झालेले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेने भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून खाली उजेड पाडणारे दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात ढकलली गेली नाहीत, दिव्यांची तोंडे फिरविली गेली. लडाखमध्ये हानले येथील वेधशाळेभोवतीचा प्रदेश २०२२ मध्ये याच हेतूने राखीव घोषित झाला, तेव्हा तेथील घरांच्या खिडक्यांचे पडदे आणि दिव्यांची झाकणे यांचाही विचार झाला. वेधशाळेचे शेजारी होणे त्या खेड्यांनी मनापासून स्वीकारले.

आपल्याला मात्र हे कोणी सक्तीने करावयास लावणार नाही. १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातील प्रदूषकाची व्याख्या घन, द्रव आणि वायुरूप पदार्थांपुरती आहे. ध्वनीला १९८७ च्या दुरुस्तीने वायुप्रदूषणाच्या कायद्यात जागा मिळाली आणि २००० साली त्याचे स्वतंत्र नियम आले. प्रकाशासाठी देशात तसे नियम नाहीत. शेजाऱ्याचा झोत आपल्या खिडकीत येत असेल तर तक्रार कोठे करावी हा प्रश्नच आहे, आणि आपला झोत शेजाऱ्याच्या खिडकीत जात असेल तर आपल्याला विचारणारे कोणी नाही. ज्या गोष्टी कायदा विचारीत नाही त्या स्वतःहून सोडण्याची सवय या समाजाला आहे, म्हणून हा विषय मी येथे मांडण्याचे धाडस केले.

करावयाचे ते अवघड नाही. प्रथम एकदा रात्री आपल्याच फाटकाबाहेर, रस्त्यावर उभे राहून घराकडे पाहावे. दिव्याची ज्योत, म्हणजे प्रत्यक्ष बल्ब, डोळ्यांत शिरत असेल तर त्यावर आच्छादन नाही असे समजावे. जमीन उजळलेली दिसावी, बल्ब दिसू नये. गोल दिव्यांच्या जागी पत्र्याची टोपी असलेले दिवे बसवावेत. बाजारात मिळाले नाहीत तर उद्यमनगरातील कोणताही फॅब्रिकेटर तशी टोपी करून देईल. ज्या गावात मोटारींचे सुटे भाग होतात तेथे दिव्याची टोपी होणार नाही असे नाही. आडवे झोत जमिनीकडे वळवावेत. दिवा निम्म्या उंचीवर आणला तर त्याखालील जमिनीवर चौपट उजेड पडतो. म्हणून दहा फुटांवरचा मोठा दिवा काढून पाच फुटांवर लहान दिवा लावल्यास तीन वॉटमध्ये काम भागते. दुकानात ‘वॉर्म’ म्हणून मागून घ्यावा आणि खोक्यावरील आकडा ३००० वा त्याहून कमी आहे हे स्वतः वाचावे, कारण न सांगता मिळेल तो दिवा पांढराच असेल. साडेनऊ-दहानंतर बाहेरचे दिवे मालवावेत. फाटकाशी हवा तर सेन्सरचा दिवा ठेवावा. गृहनिर्माण संस्थांनी हाच विषय आपल्या सभेत घ्यावा. भांडणाच्या सुरात तो काढू नये. ‘काका, तुमचा दिवा थोडा खाली वळवता का’ असे म्हटल्यावर नाही म्हणणारा शेजारी मला अद्याप भेटलेला नाही. दिवाळीचे आकाशकंदील आणि पणत्या यांचा या सर्वांशी संबंध जोडून कोणी घरात वाद निर्माण करू नये. चार दिवसांचा तो उजेड आहे, आणि पणतीने आकाश उजळत नाही.

आता जे बोलणार आहे ते विश्वस्त मंडळाच्या कानावर मी कालच घातले आहे, त्यामुळे व्यासपीठावरून बोलण्यात अनौचित्य होऊ नये. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंदिराच्या शिखरावर खालून वर चार झोत सोडलेले आहेत. शिखर त्यात फार सुंदर दिसते, हे मीही मान्य करतो. परंतु शिखर वर निमुळते होत जाते, म्हणून जसजसे वर जावे तसतसा झोताचा अधिकाधिक भाग शिखराला न लागता दोन्ही बाजूंनी आकाशात जातो. चातुर्मासात त्या झोतांच्या काचांवर जे साचते, ते पुजारीजी रोज सकाळी पाहतात. शिवाय त्यांतील एकाचा उजेड त्यागी निवासाच्या खिडकीवर रात्रभर पडतो. तेथे थांबलेल्या त्यागींनी आजवर त्याविषयी शब्द काढलेला नाही, आणि ते काढणारही नाहीत. झोत कायमचे काढून टाकावेत असे मी सुचवीत नाही. आरतीपासून रात्री साडेनऊपर्यंत ते असावेत, त्यांचा कोन शिखराच्या कडांच्या आत आणावा, निळसर दिवे बदलून पिवळसर करावेत आणि साडेनऊनंतर ते आपोआप बंद व्हावेत, एवढीच विनंती आहे. ट्रस्टने हे केले तर घरोघरी जाऊन सांगण्याचे माझे श्रम वाचतील.

एक शेवटची गोष्ट. भगवान महावीरांचा जन्म चैत्र शुद्ध त्रयोदशीला, उत्तरा फाल्गुनी नक्षत्रावर झाला, हे आपल्या पाठशाळेतील प्रत्येक मुलाला पाठ आहे. ते नक्षत्र आकाशात कोठे असते असे मी विचारले, तेव्हा एकाही हाताची बोटे वर गेली नाहीत, मोठ्यांचीही नाही. सिंह राशीच्या शेपटाकडील ठळक तारा म्हणजे उत्तरा फाल्गुनीचा तारा. कोल्हापूरच्या आकाशात तो जवळजवळ माथ्यावरून जातो. महावीर जयंतीच्या रात्री दहाच्या सुमारास पूर्वेकडे उंच पाहावे. चंद्रही त्या तिथीला तेथेच आसपास असतो. चंद्रप्रकाशातही दिसावा इतका तो ठळक आहे. मात्र डोळ्यांसमोर झोत नसावा. पुढील जयंतीस मिरवणूक आणि पाळणा झाल्यावर पाठशाळेच्या मुलांना मंदिराच्या पटांगणात थांबवून घ्यावे. मी येईन. दुर्बिणीची आवश्यकता नाही. साडेनऊला चार झोतांचे बटण बंद करणारे कोणी हवे.